गर्जनसिंहाचा टेपरेकॉर्डर

एका जंगलात एक सिंह राहत होता. कोणत्या जंगलात ते विचारू नका, बाळांनो. मधे मधे प्रश्न विचारलेत तर मी गोष्ट बंद करीन.

त्याचं नाव गर्जनसिंह. दिसायला मोठा रुबाबदार. पण एकदा घशात हाड अडकलं आणि आवाज बसला तो बसलाच. तोंड उघडलं की मांजरीसारखं बारीक काहीतरी निघे. आता 'म्यांव' करणाऱ्याला राजा कोण म्हणणार? शेजारच्या वाघाला कळलं असतं, तर सिंहासन गेलंच म्हणून समजा.

नशीब, तरुणपणी त्यानं हौसेनं स्वतःची डरकाळी टेप करून ठेवली होती. रोज दुपारी गुहेच्या तोंडाशी तो टेपरेकॉर्डर लावायचा आणि मागे उभा राहून नुसता जबडा हलवायचा.

काय? टेपरेकॉर्डर माहीत नाही? अरे देवा! डबडं असतं एक. त्यात कॅसेट घातली की ते वाजतं. हे डबडं तर फारच म्हातारं होतं. झाकण रबरानं बांधलेलं. सेल उतरले की राजा ते उन्हात वाळत घाली. कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून ती मागे फिरवण्यात त्याची अर्धी सकाळ जाई.

त्या डरकाळीत एक खोट होती. टेप करताना राणीसाहेब मागेच स्वयंपाक करत होत्या. त्यामुळे डरकाळी संपता संपता डाव पडल्याचा आवाज येई, आणि पाठोपाठ राणीसाहेब बोलत, "अहो, पुरे! या जेवायला, गार होतंय!" ते ऐकलं की राजाही सवयीनं आत जाऊन पानावर बसे.

एके दिवशी प्रधान कोल्होपंत म्हणाले, "महाराज, शोभतं का हे डबडं? शेजारच्या वाघाकडे भिंतीएवढा स्पीकर आहे."

"चालतोय ना? मग कशाला?" राजा किनऱ्या आवाजात म्हणाला.

"आपलीच डरकाळी नव्या यंत्रात भरू. ते अनावश्यक आवाज काढून टाकतं."

"अनावश्यक म्हणजे कुठला?" राणीसाहेबांनी आतून विचारलं.

कोल्होपंत एकदम शेपटी विंचरायला लागले. शहाणा प्राणी. पण राजा बोलून गेला, "अगं, तुझाच. डावासकट."

"असं का," राणीसाहेब म्हणाल्या.

बाळांनो, घरात कोणी नुसतं 'असं का' म्हणालं, की आपण मुकाट्यानं बाहेर खेळायला जावं.

नवं यंत्र आलं. जुनं डबडं बदल्यात गेलं. दुपारी डरकाळी झाली. काय ती डरकाळी! झाडावरची कच्ची बोरंसुद्धा गळून पडली. मग सगळं सामसूम. तळ्यावर चिटपाखरू नाही.

"पाहिलंत महाराज? काय दहशत!" कोल्होपंत म्हणाले. राजा टुम्म फुगला.

दुसऱ्या दिवशीही तेच. पुढेही तेच. आणि मग एका दुपारी अख्खं जंगल गुहेच्या दारात येऊन उभं राहिलं. पुढे ससुलीबाई. ओठ कोरडे, पाठीशी पोरं.

राजा यंत्राकडे धावला. त्यानं घाईघाईनं बटण दाबलं आणि जबडा उघडला. यंत्र म्हणालं, "अपडेट चालू आहे. कृपया थांबा."

राजा तसाच, आ वासून उभा. संपलं, त्याला वाटलं. गेलं सिंहासन.

"राहू द्या हो महाराज," ससुलीबाई म्हणाल्या. "डरकाळीसाठी कोण आलंय? ते शेवटचं 'गार होतंय' तेवढं परत लावा. ते ऐकलं की आम्हाला कळायचं, राजा जेवायला बसला, आता जेवून घोरणार. मग आम्ही पाण्यावर जायचो. आता तुम्ही जेवलात की उपाशी आहात, काही कळतच नाही. माझी पोरं तहानेनं मरायला टेकलीत हो!"

"म्हणजे ती टेप आहे, हे तुम्हाला..."

"न कळायला काय झालं? रोज बाई त्याच गोड सुरात हाक मारतात! आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सूर चढतो आणि तिसऱ्या दिवशी मी डाव फेकून मारते."

कोल्होपंत जुनं डबडं आणायला म्हणून जे पळाले, ते परत आलेच नाहीत. राजानं केविलवाणं राणीकडे पाहिलं. "अगं, तूच मार ना हाक."

"मी? मी तर अनावश्यक."

"बरं, चुकलो! पण वाघ कान लावून बसलाय. डरकाळीचं काय करू गं मी?"

राणीसाहेबांनी सशाच्या पोरांकडे पाहिलं. पदर खोचला. "सरका," म्हणाल्या, आणि अशी डरकाळी फोडली की पलीकडच्या जंगलात वाघाच्या हातातली कपबशी फुटली.

"तुला येते?" राजा थक्क झाला.

"इतकी वर्षं पेन्सिल फिरवत बसलात. कधी विचारलंत?"

सगळ्या प्राण्यांनी तिथल्या तिथे राणीसाहेबांना सिंहासनावर बसवलं. राहता राहिली जेवणाची हाक. ती कोण मारणार? सगळे राजाकडे बघायला लागले. आवाज बारीक, गोड, कामाला अगदी योग्य. राजा चुलीपाशी गेला, डाव उचलला आणि लाजत लाजत ओरडला, "अहो, पुरे! या जेवायला, गार होतंय!"

ससुलीबाई पोरांना घेऊन तळ्याकडे धावल्या.

तात्पर्य: घरातलं जुनं यंत्र कितीही खरखरत असलं, तरी पुरुषांनी ते जिवापाड जपावं. ते गेलं की खरी डरकाळी कोणाची, हे जंगलभर होतं. आणि मग स्वयंपाक आपल्याला करावा लागतो.