फुगोजीच्या गळ्यातला हार

एका जंगलात एक डोह होता रे बाळांनो, आणि डोहावर बगळेबुवांचं राज्य. बुवा मासे धरायचे ते आमिष लावून. आमिष जिवंतच हवं. वळवळ नसेल तर मासा ढुंकून बघत नाही.

पण जिवंत आमिष आपल्या पायानं येणार कसं? तोड काढली फुगोजी बेडकानं. म्हणाला, "बुवा, पकडता कशाला? सत्कार करा!"

झालं, बुवांनी त्याला निवड मंडळाचा अध्यक्ष केलं.

पावसाळ्यात पाणी गढूळ. माशाला दिसत नाही, तो वासावर येतो. म्हणून गांडुळाची निवड झाली. फुगोजीनं भाषण ठोकलं, हार घातला. हार लांब वेलीचा. एक टोक सत्कारमूर्तीच्या गळ्यात, दुसरं बुवांच्या चोचीत. टाळ्या! मग डुबुक.

पाऊस सरला, पाणी निवळलं, गवत वाढलं. नाकतोड्याची पाळी. तो तर उड्या मारतच आला. थंडीत मासे सुस्तावले, त्यांना मऊ लागतं, म्हणून अळी.

"सत्कारमूर्ती परत का येत नाहीत हो?" एका गोगलगाईनं विचारलं.

"मोठेपण आलं की गाव विसरतं बाई," फुगोजी म्हणाला.

मग उन्हाळा आला. गांडुळं खोल गेली, गवत करपलं. तळाला उरली जाडजूड मरळ मासळी, तिला आमिषही मोठं लागतं. बुवा उपाशी, एका पायावर.

बेडकीण म्हणाली, "अहो, चला चिखलात. आपले झोपायचे दिवस आले."

फुगोजी हलेना. "जन्मभर दुसऱ्यांना हार घातले. माझा गळा कुणाला दिसला का?"

"आहे कुठं तुम्हाला गळा? आणि त्या वेलीचं दुसरं टोक ठाऊक नाही होय?"

"ते आमिषांसाठी गं. मी अध्यक्ष!"

बुवांनी एक डोळा उघडला. "दिसला हो, अध्यक्ष, तुमचा गळा. कधीचा दिसतोय."

हार पडला. फुगोजी छाती फुगवून म्हणाला, "या मानाला मी पात्र..."

डुबुक.

त्यानं पाय असे झाडले की तळातली मरळ सरळ वर आली. बुवा पोटभर जेवले.

बेडकीण काठावर ऊर बडवून सांगत राहिली, "अरे, वेलीचं दुसरं टोक बघा!" कुणी बघितलं नाही. पाऊस येऊन पाणी वाढताच तिथं बेडकांची ही झुंबड! अध्यक्षपद रिकामं होतं ना.

तात्पर्य: सत्कार जरूर घ्यावा. हाराचं दुसरं टोक कुणाच्या चोचीत आहे ते विचारू नये, कार्यक्रमाची शोभा जाते.