टेबलावर तीनशे लक्स

ऊर्जा संवर्धन कायदा ज्याला तोंडपाठ आहे, अशा माणसाला उदगीरच्या एका डाळ मिलमध्ये कोणीही गोत्यात आणू शकत नाही, असे माझे ठाम मत होते. 'होते' हा शब्द कृपया ध्यानात ठेवा!

मी विरूपाक्ष. नांदेडला अभियांत्रिकी केली, मग ऊर्जा व्यवस्थापकाची परीक्षा उत्तीर्ण झालो आणि त्या प्रमाणपत्राच्या बळावर गुरुपादप्पा शेठच्या मिलमध्ये रुजू झालो. लातूरला रेल्वेने पाणी आले, ते हे साल. तुरीचे पीक हातचे गेले होते. मिल अर्धपोटी चालत होती आणि शेठ मात्र पूर्ण तापलेले होते.

"विरूपाक्ष, लाइटबिल बगून माझा बीपी वाढून राहिलाय," एके दिवशी ते म्हणाले. "निवडणीची दुसरी पाळी बंद करून टाकतो. सांजच्याला दिवे लावायचे अन् निवडायचं काय? मूठभर डाळ!"

दुसऱ्या पाळीत डाळीतले खडे निवडणाऱ्या बायका होत्या. शेतात औंदा काम नव्हते. त्यांच्या घरची चूल या पाळीवरच पेटत होती. त्यांच्या म्होरक्या तुळजाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी शेठकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. आणि मी छाती काढून बोलून गेलो, "शेठ, थांबा! आधी रीतसर ऊर्जा लेखापरीक्षण करू. वीज कुठे वाया जाते ते कायद्याने शोधून काढू. पाळी बंद करायची वेळच येणार नाही!"

"लेखापरीक्षण म्हंजे ऑडिट?" शेठ दचकले. "इन्कम टॅक्सवाले येणार काय रे?"

"नाही हो! विजेचे ऑडिट."

"विजेचं कसलं आलंय ऑडिट? ती काय पावती फाडून येते?" शेठ पुटपुटले, पण कायद्याचे नाव निघाले की व्यापारी माणूस निम्मा वाकतो. ते तयार झाले. मात्र बजावले, "ऑडिटात कायबी वाकडं निघालं, तर पाळीबी बंद अन् तुझं टेबलबी बंद!"

नांदेडहून मान्यताप्राप्त लेखापरीक्षक रुद्राणी मॅडम येणार असे ठरले. आदल्या दिवशी मी निवडणीच्या हॉलमध्ये जाऊन पाहिले. उजेड कसला, नुसता उजेडाचा वहीम! बारीक नजरेच्या कामाला किती उजेड असावा याचे मानक ठरलेले आहे आणि उजेड मोजतात तो 'लक्स' या एककात. हे मला माहीत होते. आमचे भांडारपाल शेषेराव यांना ते माहीत नसावे, ही शक्यता माझ्या सुशिक्षित डोक्यात शिरलीच नाही!

"शेषेराव," मी अधिकारवाणीने म्हणालो, "उद्या मॅडम येण्याआधी निवडणीच्या प्रत्येक टेबलावर तीनशे लक्स पाहिजेत."

शेषेरावांच्या तोंडातली सुपारी थांबली. "तीनशे? एका टेबलावर?"

"मानक आहे. त्याहून कमी चालत नाही."

"हे सरकार म्हंजे बी..." त्यांनी कपाळाला हात लावला. "बरं. छोटे का मोठे?"

मला वाटले, दिव्यांविषयी विचारतात. "मोठे आणा."

"गुलाबी का पांढरे?"

"शेषेराव, कामाच्या जागी कोणी गुलाबी वापरते का? पांढरेच!"

"हाव. पर एवढे उदगिरात घावायचे न्हाईत. लातूरला जावं लागंल."

"खुशाल जा!" मी उदारपणे म्हणालो आणि आपण कामे किती चोख वाटून देतो, या समाधानात घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एसटी स्टँडवरून मॅडमना शेठच्या गाडीतून घेऊन आलो. वाटेत मी त्यांना कायद्याची कलमे ऐकवली. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मला वाटले, भारावल्या आहेत. मिलच्या फाटकावर शेठ पांढराशुभ्र सदरा घालून, कपाळी भस्म लावून उभे होते. आम्ही तिघे निवडणीच्या हॉलमध्ये शिरलो.

शिरलो आणि वासानेच मी जागी खिळलो! डाळ मिलमध्ये डाळीचा वास येतो, भुशाचा येतो, फार तर शेठच्या अत्तराचा येतो. इथे लग्नघरातल्या न्हाणीघराचा घमघमाट सुटला होता. पहिल्या टेबलावर साबणाच्या वड्यांची तटबंदी उभी होती. भुईकोट किल्ल्याला लाजवील अशी! टेबलाच्या चारी बाजूंना बायका बसल्या होत्या आणि बुरुजांच्या फटीतून एकमेकींना डाळ देत होत्या.

शेषेराव हात चोळत पुढे आले. "साहेब, एकाच टेबलाचं झालं बगा. लातूरच्या गंजगोलाईतली समदी दुकानं पालथी घातली. गुलाबी लई होते, पर तुम्ही न्हाई म्हणलाव."

तुळजाबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"मॅनेजर साहेब, हात धुयाला चार दिसाआड टँकर, अन् साबन तीनशे? का कोरडाच घासायचा?"

रुद्राणी मॅडमनी यातले काही ऐकले असेल तर चेहऱ्यावर दाखवले नाही. शांतपणे पिशवीतून त्यांनी मीटर काढला आणि किल्ल्याच्या मधोमध ठेवला.

"या टेबलावर किती लक्स आहेत म्हणालात?"

"तीनशे!" तुळजाबाईंनी माझ्याआधी उत्तर दिले. "म्या सोता मोजल्यात. एक कमी न्हाई!"

मॅडमनी मीटर वाचला. "नव्वदच आहेत."

तुळजाबाई सावकाश उठल्या आणि त्यांनी शेषेरावांकडे मान वळवली.

"बाकीचे कुठं गेले, शेषेराव?"

"महादेवाची आण! समदे हितंच हायेत!"

"मशीन खोटं बोलतंय व्हय? सांग, कुण्या पाव्हन्याच्या घरी पोचवलाव?"

"शेषेराव!" शेठ गरजले. "माझ्या मिलमध्ये चोरी?"

"शेठ, पुना मोजा! मशीनच्या मायला..."

पुढच्या क्षणी अर्धा हॉल साबण मोजू लागला. दानम्मा नावाच्या बाई कानडीत मोजत होत्या, बाकीच्या मराठीत. त्यामुळे दर थोड्या वेळाने सगळ्यांचा आकडा चुकत होता. तटबंदी कोसळली. वड्या डाळीत पडल्या, डाळ वड्यांखाली गेली. शेषेराव टेबलाखालून ओरडले, "हे बगा, हितं एक घावला!" आणि मी, प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापक, भिंतीत एखादे दार उघडते का ते पाहत होतो!

अखेर मॅडमनी टाळी वाजवली. "लक्स म्हणजे साबण नाही. उजेड!"

मोजणी थांबली. सगळ्यांनी आधी त्यांच्याकडे पाहिले, मग वरच्या मिणमिणत्या ट्यूबलाइटकडे आणि मग एकदम माझ्याकडे. ती नजर किती लक्स होती, हे कोणत्याही मीटरने सांगता आले नसते.

"म्हंजे," शेठ दातओठ खात म्हणाले, "हितं उजेड कमी हाय?"

"फारच कमी. इथे दिवे वाढवावे लागतील."

"वाढवायचे? वीज वाचवायला आनलं ह्याला, अन् हा वाढवून राहिला! झालं मग. पाळी बंद!"

तुळजाबाई मटकन खाली बसल्या. तोंडपाठ कलमांतले एकही कलम उपयोगी पडेना. मी कसाबसा म्हणालो, "शेठ, अजून बाकीची मिल तपासायची आहे..."

मॅडम आधीच निघाल्या होत्या. त्या कुठल्याशा बंद दारासमोर थांबल्या. दाराच्या फटीतून गार वारा येत होता.

"हे काय आहे?"

"काय न्हाई, काय न्हाई," शेठ लगबगीने म्हणाले. पण दार उघडावे लागले. आत काचेची केबिन, छतभर लखलखते दिवे, थरथर कापायला लावणारा एसी आणि गादीची एक रिकामी खुर्ची! मॅडमनी मीटर ठेवला आणि प्रथमच त्यांच्या भुवया वर गेल्या.

"इथे कोण बसते?"

शेठ लाजले. "अजून कोन न्हाई. उदगीर जिल्हा होनार की आता! कलेक्टर साहेब आले की पयल्यांदा आमच्याकडंच यावं, म्हनून तयार ठिवलीय. कवा येतील काय नेम? म्हनून चालूच ठिवतो."

"दिवसरात्र?"

"उन्हाळा हाय, मॅडम. साहेबाला गरम व्हायला नगं."

मॅडमनी हिशेब मांडला: रिकामी केबिन निवडणीच्या हॉलपेक्षा कितीतरी अधिक वीज खात होती. आमच्या मागोमाग आलेल्या तुळजाबाई छताकडे डोळे लावून उभ्या होत्या.

"आप्पा," त्या शेठना म्हणाल्या, "कलेक्टर येईस्तोवर हे दिवे आमच्या टेबलावर लावा की. एसी बंद करा. आला की समदं परत आनून लावू. आमची पाळीबी तवर चालू दे."

शेठनी मॅडमकडे पाहिले. मॅडमनी मान डोलावली. परक्या बाईसमोर, तीही ऑडिटवाली, 'नाही' म्हणायचे कसे? "बरं," ते म्हणाले. "जिल्हा होईस्तोवर."

दिवे त्याच आठवड्यात हलले. हॉलमध्ये तीनशेच्या वर लक्स भरले, तेही बिनवासाचे! बिल उतरले. फेरमोजणीला आलेल्या मॅडमना स्टँडवर सोडताना मी नम्रपणे विचारले, "कायद्यानुसार सगळे झाले ना?"

"कायदा?" त्या हसल्या. "व्यवस्थापक नेमायची आणि ऑडिट करायची सक्ती मोठ्या कारखान्यांना आहे. सिमेंट, पोलाद वगैरे. तुमची मिल त्यात बसतच नाही."

"हे शेठना सांगितलेत?"

"त्यांनी विचारले नाही," असे म्हणून त्या एसटीत चढल्या.

पुढच्याच महिन्यात जिल्ह्याच्या मागणीसाठी मोर्चा निघाला. शेठ सर्वांत पुढे, मागे आमची अख्खी मिल, दुसऱ्या पाळीसकट.

"उदगीर जिल्हा..." शेठ घसा फाडून ओरडले.

"झालाच पाहिजे!" गाव गरजले. आमच्या रांगेतून मात्र तुळजाबाईंचा बारीक आवाज आला, "सावकाश होऊ द्या!" बाकीच्या बायका पदरात तोंड लपवून हसल्या. मी नुसते ओठ हलवत होतो.

शेठनी वळून डोळे वटारले. "विरूपाक्ष! आपल्या मानसांचा आवाज कामून निघंना?"

मी छाती काढली. "ऊर्जा बचत, शेठ!"