केस नंबर बत्तीस: योसेफ

"एकतीस चौकशा केल्या मी प्लांटमधी! एकही केस उघडी ठेवली नाही. हे तर नुसती गोष्ट हाय, गोष्ट!"

पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर ६ च्या ज्येष्ठ नागरिक मंडळात बाबुलालजींनी ही गर्जना केली, तेव्हा चिठ्ठ्यांचा डबा हातात धरून उभे असलेले सचिव प्रेमानंद मिशीत हसले. येत्या रविवारी प्रत्येकाने दुसऱ्या धर्माच्या ग्रंथातली एक गोष्ट सांगायची आणि तिच्यातल्या अडचणीच्या जागा सोडवायच्या, असं ठरलं होतं. बाबुलालजींच्या चिठ्ठीत निघाला ज्यूंच्या प्राचीन ग्रंथातला योसेफ!

गोष्ट अशी. याकोबाला बारा मुलगे. लाडका योसेफ, सुंदर झगा मिळाला तो एकट्या त्याला. भाऊ जळफळले. तरी बापाने त्याला एकट्यालाच त्या भावांकडे पाठवलं, आणि त्यांनी त्याला चक्क विकून टाकलं! पोरगा मिसर म्हणजे इजिप्त देशात गुलाम झाला, तुरुंगात गेला आणि शेवटी राजाच्या खालोखालचा मोठा साहेब झाला. पुढे दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्याच दारात आले. त्याने ओळख दिली नाही. उलट सगळ्यात धाकट्या भावाच्या धान्याच्या पोत्यात आपला चांदीचा प्याला लपवून चोरीचा आळ घातला.

गाठी दोन. साहेब झाल्यावरही योसेफाने नऊ वर्षं बापाला साधा निरोप का पाठवला नाही? आणि प्याला का लपवला?

बाबुलालजी सेफ्टी विभागातून निवृत्त झालेले. अपघात झाला की "का?" विचारायचं, उत्तर आलं की त्यालाही "का?" असं पाच वेळा केलं की खरं कारण सापडतंच, अशी त्यांची श्रद्धा. दुसरा नियम त्याहून कडक: चौकशी पुरी होईपर्यंत कुणाचंही नाव घ्यायचं नाही! एक 'जखमी', एक 'जबाबदार', बस. आता एकतीसही वेळा खरं कारण 'कामगाराचा निष्काळजीपणा' हेच निघालं, हा निव्वळ योगायोग!

घरी आल्या आल्या त्यांनी पहिला साक्षीदार पकडला. मनकर्णाबाई तांदूळ निवडत होत्या.

"विचार करून सांग. भावाभावाची केस हाय. एक भाऊ घरातून तुटला. आता चांगला खाऊनपिऊन सुखी हाय. पन नऊ वर्षं झाली, एक निरोप नाही! कावून?"

मनकर्णाबाईंचा हात सुपातच थांबला. कारण नऊ वर्षांपूर्वी, मुलाच्या म्हणजे प्रवीणच्या लग्नपत्रिकेत 'विनीत' खाली तेवीस नावं छापली होती. घरातल्या तीन महिन्यांच्या बाळाचं, सोनूचंसुद्धा! नव्हतं ते फक्त बाबुलालजींच्या सख्ख्या धाकट्या भावाचं, नरहरीचं. नरहरी राहायचा कॅम्प-१ मध्ये, स्कूटरने दहा मिनिटांवर. तो लग्नाला आला नाही, पुढे बोललाही नाही. वडील गेले तेव्हा दोघे भाऊ सरणाच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि दोन वाटांनी घरी गेले. "सुपेला बाजारातल्या छापखान्यानं घोळ केला!" एवढं एकच वाक्य बाबुलालजी नऊ वर्षं म्हणत आले होते.

"कोन भाऊ?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"नाव घ्याचं नसते! नियम हाय."

"नका घेऊ बाप्पा! इचारलं हेच लय झालं," म्हणत त्यांनी डोळ्याला पदर लावला.

"अन् त्याचं बयान पायजे मले. पुरं बयान!"

मनकर्णाबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन जावेला, शालूला, फोन लावला. "शालू, यायनं नाव नाही घेतलं, पन भाऊजीचं इचारून राहिले! बयान पायजे म्हंतात!" शालूने नरहरीला सांगितलं, "तुमच्यावर चौकशी बसली." नरहरीही प्लांटमधलाच कामगार. दादाच्या चौकशीत दोषी कोण निघतं, हे त्याला पाठ होतं! त्याने नऊ वर्षांची जुनी पत्रिका खिशात घातली आणि स्कूटरला किक मारली.

बाबुलालजी भिंतीला चौकशीचा तक्ता चिकटवत होते. दारात नरहरी!

"मी जबाबदार? निरोप नाही पाठवला म्हनून?" त्याने स्कूटरची किल्ली आणि पत्रिका टेबलावर आपटली. "कसा पाठवू? सगळ्यात वर बाबाचं नाव हाय. निमंत्रक बाबा! मले वाटलं, बाबानंच सांगितलं असन, नरहरीले कापा. ज्याले बापानंच बाहेर काढलं, तो कोनाले निरोप पाठवीन गा?"

बाबुलालजींच्या हातातला पेन गळाला. "थांब! बापानंच तर पाठवलं होतं त्याले भावांकडे! त्याले वाटलं, बापही सामील हाय! नरहरी, सापडलं गा, योसेफाचं सापडलं!"

"कोन योसेफ? प्लांटमधल्या कोनत्या शॉपचा?"

मग सगळा खुलासा झाला, आणि नरहरीचा चेहरा पडला. "म्हंजे माही चौकशी नव्हतीच," तो हळूच म्हणाला आणि निघाला. पण टेबलावरची स्कूटरची किल्ली गायब!

"मले काय मालूम? चहा घ्या तवर," मनकर्णाबाई म्हणाल्या.

शोधाशोध सुरू झाली. सोफा हलला, गादी उलटली. शेवटी दोघे भाऊ एकाच दिवाणाखाली शिरले आणि डोक्यावर डोकं आपटलं! तिथेच, अंधारात, नरहरीने विचारलं, "दादा, एक सांग. छापखान्यानं प्रूफ नव्हतं दाखवलं?"

"दाखवलं होतं."

"मंग कोनी पास केलं?"

बाबुलालजी हळूच बाहेर आले, कपाटातली फाइल काढली आणि प्रूफचा पिवळा पडलेला कागद पुढे केला. खाली ठसठशीत अक्षर: 'तपासले. बरोबर आहे. बाबुलाल.'

"लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सापडला," ते म्हणाले. "एकतीस केसा करनारा मानूस मी, अन् सख्ख्या भावाचं नाव सुटलं. सांगाले तोंड नव्हतं मले. बाबाले काहीच मालूम नव्हतं रे. माफ कर." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

नरहरीने कागदावरच्या नावांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "सोनू तीन महिन्याचा! त्याचं नाव नाही सुटलं तपासनीतून, अन् मी सुटलो?" दोघे हसायला लागले, आणि हसता हसता केव्हा रडायला लागले ते त्यांनाही कळलं नाही.

मनकर्णाबाईंनी भातासाठी डबा उघडला. मापात तांदळाबरोबर किल्ली खणखणली!

"हे कावून लपवलं वो?" बाबुलालजींनी विचारलं.

"भाऊजी उठून गेले असते तर आनखी नऊ वर्षं गेली असती!"

बाबुलालजींनी धावत जाऊन तक्त्यावर लिहिलं: 'योसेफाचा प्याला चोर पकडायला नव्हता. भावांना थांबवायला होता.'

रविवारी मंडळात टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रेमानंदांनी चष्मा पुसून तक्ता पाहिला. "दोन्ही गाठी सुटल्या! पन 'जबाबदार'चा रकाना रिकामा कावून?"

बाबुलालजींनी पहिल्या रांगेत बसलेल्या नरहरीकडे पाहिलं. खाकरले. आणि बत्तीस केसांत पहिल्यांदाच 'कामगार' सोडून दुसरं काही लिहिलं: 'चौकशी अधिकारी स्वतः.'

"दादा, सही कर खाली," नरहरी ओरडला. "पन पयले तपासून घे!"