विहिरीतील बांगडीच्या भागाची हकीकत

श्री. दिसते त्याचे आड जे न दिसते, ते उजेडी आणणाऱ्या देवतेस वंदन करून लिहिण्यात येते ऐसे जे, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस राणी चिमाबाईसाहेब यांचे चित्तास मोठा घोळ पडला.

राज्यात पूर्वी दूरचित्रवाणीवर हेरांची एक मालिका चालत असे, आणि तिचा एकशे बारावा भाग, विहिरीत बांगडी सापडते तो, बाईसाहेबांस फार प्रिय. वीस वर्षे तारीफ करीत आल्या, की कथेतील धाकट्या बहिणीस विहिरीत लोटणारा माळी धरला गेला आणि थोरली बहीण ऊर फुटेतो रडली, तैसे रडणे पुन्हा कोणास साधले नाही. मग त्या दिवशी वाहिनीने जुने भाग फिरोन लावले, म्हणोन बाईसाहेबांनी आनंदे आपली थोरली बहीण साळूबाई यांस मेणा पाठवून आणविले, आणि कारभारी रंगो त्रिमळ यांस ताकीद दिली की मध्ये कोणी बोलो नये. भाग सुरू जाहला. बांगडी निघाली, माळी धरला, आणि बाईसाहेब डोळ्यांस पदर लावून सिद्ध जाहल्या, तो हेराने माळ्यास सोडिले आणि थोरल्या बहिणीचे हात बांधिले. लोटले तिनेच. रडली नाहीच, पाणी मागून प्याली.

बाईसाहेब भांबावल्या. प्रथम म्हणाल्या, वाहिनीने शेवट बदलिला. कारभाऱ्यांनी विचारणा केली, तो उत्तर आले की चित्रण एकच, बदल नाही. मग म्हणाल्या, आपणच विसरलो. तर ते रडणे इतके लख्ख आठवते कैसे? आणि आठवता आठवता ध्यानी आले, की ते समयी आपणास ज्वर होता, अर्ध्या भागात डोळा लागला, आणि शेवट कैलासवासी महाराजांनी दुसरे दिवशी तोंडी सांगितला. महाराज खोटे बोलत नसत. मग ऐसे का केले, हे काही केल्या उमजेना.

तो साळूबाई हळूच बोलल्या, "ते वर्षी आपले बोलणे बंद होते, चिमे."

तेव्हा बाईसाहेबांस स्मरले, की आईच्या नथीवरून दोघींत वर्षभर अबोला होता, आणि महाराजांचे तोंडून शेवट ऐकोन तिसरे दिवशी आपण होऊन बहिणीचे दारी गेल्या, आणि उंबऱ्यातच त्या रडण्याची गोष्ट सांगितली. मग त्यांनी पुसले, "आक्का, तू तो भाग तेव्हा पाहिला होतास?"

"पाहिला होता. शेवटासकट."

"मग मी दारात उभी राहून भलतेच सांगत होते, तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू आली होतीस ना," साळूबाई म्हणाल्या. "मग माळी तर माळी."

बाईसाहेबांस रागे भरावे की हसावे कळेना, आणि महाराजांस विचारावे तर महाराज नाहीत. मग बहिणीचा हात धरून तैशाच बसल्या. कारभाऱ्यांनी अदबीने पुसले, की दप्तरी आवडता भाग आता कोणता मांडावा. बाईसाहेब एकशे बारावाच मांडा म्हणाल्या.

एवंच, भाग एक, शेवट दोन. एक साऱ्या राज्याने पाहिला, दुसरा कोणीच पाहिला नाही, आणि बाईसाहेबांचा आवडता तो दुसरा. जैसे घडले तैसे लिहिले.