प्रमाण गाऊन

वजनसाहेबांची बायको लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती तिकडचीच झाली, आणि इकडे साहेबांच्या शर्टांना कुबट वास यायला लागला.

वजनसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. उभी नोकरी दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. निवृत्त झाले तरी खोड जाते थोडीच? दुसऱ्या कुणी शर्ट उन्हात टाकले असते आणि विषय संपवला असता. साहेबांनी माळ्यावरून हुकाचा काटा काढला. घराबाहेर कपडा नेमका कुठे लवकर वाळतो, गच्चीवर, मागच्या अंगणात की पुढच्या फाटकाजवळच्या दोरीवर, याचा एकदाचा निकाल लावायचं त्यांनी ठरवलं.

ओला शर्ट काट्याला अडकवायचा, वजन बघायचं, वाळत घालायचा, तासाभराने पुन्हा काट्याला. पण शर्ट रोज वेगळा, कुठला जाड, कुठला पातळ. मग ताडून बघायचं कशाशी? ऑफिसात त्यासाठी प्रमाण वजनं असायची. ती पेटीत जपून ठेवायची, एरवी वापरायची नाहीत, फक्त तपासणीपुरती बाहेर काढायची. घरात असा कपडा कोणता, जो सध्या कुणीच वापरत नाही? साहेबांनी बायकोचं कपाट उघडलं आणि तिचा निळा, फुलाफुलांचा गाऊन काढला.

आता त्याच कपाटात एक जुनी चादर होती, जास्तीचे टॉवेलही होते. साहेबांना विचारलं असतं तर म्हणाले असते, चादर फार जाड. ते राहू द्या. खरी गोष्ट अशी, की दार उघडल्याबरोबर तिच्या पावडरचा वास आला आणि ह्या बाबाचा जीव कासावीस झाला. मग तो स्वच्छ गाऊन रोज सकाळी नव्याने धुतला जाऊ लागला.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. 'कधी येतेस?' हे अगदी ओठांवर यायचं, आणि साहेब म्हणायचे, "राहा की निवांत. इथे काय अडलंय?"

"बरं," ती म्हणायची, आणि फोन ठेवायची.

गच्चीवर वारा इतका की गाऊन टाकीला जाऊन चिकटला. अंगणात ऊन येऊन जेमतेम टेकतं न टेकतं तोच निघून जायचं. मग पाळी आली पुढच्या दोरीची. तिथून सगळी गल्ली दिसते, आणि गल्लीलाही दोरी दिसते, हे साहेबांनी हिशोबात धरलं नव्हतं.

"काय हो, वहिनी आल्या वाटतं?" समोरच्या शिवणकाकूंनी मशीन थांबवून खिडकीतून विचारलं.

साहेबांच्या तोंडात चिमटे होते. "हं," ते म्हणाले. चिमटे काढून खुलासा करता आला असता. पण 'वहिनी आल्या' हे कानाला इतकं गोड लागलं, की चिमटे होते तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी काकू फाटकाशी हजर. "वहिनी दिसल्या नाहीत कुठे?"

"झोपलीये."

दुपारी पुन्हा. "उठल्या का?"

"आंघोळीला गेलीये."

संध्याकाळी तिसऱ्यांदा. साहेबांचं डोकं चालेना. "जरा बरं नाहीये तिला. ताप आहे."

झालं! तासाभरात काकूंकडून पातेलंभर सूप आलं. मागोमाग किराणावालीकडून दुसरं पातेलं आलं. रिकामी भांडी परत द्यायची म्हणजे सूप संपायला हवं. साहेब दोघांच्या वाटचं एकटेच प्यायले आणि रात्रभर कुशी बदलत राहिले. सकाळी नाक्यावरचे डॉक्टर येऊन उभे. "इकडून चाललोच होतो, वहिनींना बघून जातो."

"ती आत्ताच बाहेर गेली."

"तापात?"

"ऐकतच नाही हो कुणाचं."

डॉक्टरांनी साहेबांकडे नीट बघितलं आणि त्यांचीच नाडी धरली. जाता जाता ते शिवणकाकूंच्या खिडकीशी थांबून काहीतरी बोलले. लगेच काकू रस्ता ओलांडून आल्या. "उद्या संध्याकाळी आम्ही सगळ्या जणी बघायला येतोय. आणि फाटकावरून परत जाणार नाही, सांगून ठेवते."

त्या दिवशी फोन त्यांनीच लावला.

"अगं, उद्या संध्याकाळपर्यंत येशील का?"

"का? काय झालं?"

"तुला ताप आहे."

"मला?"

साहेबांनी घडाघडा सगळं सांगितलं. गाऊन, काटा, चिमटे, सूप. तिकडे पदर नव्हे तर अख्खी उशी तोंडात कोंबल्यासारखा आवाज येत होता.

"मग खरं काय ते सांगून टाका सगळ्यांना," हसू आवरून ती म्हणाली. "एवढ्यासाठी मी कशाला येऊ?"

"सूप फार साठलंय."

"ओतून द्या."

"डॉक्टरांना संशय आलाय."

"येऊ दे. तुमच्यावर आलाय ना?"

सबबी संपल्या. साहेबांनी घसा खाकरला. "तसं नाही गं. तो गाऊन दोरीवर असला ना, की लांबून येताना वाटतं, तू घरात आहेस. कुलूप काढेपर्यंत तसंच वाटत राहतं. मग आत गेलं की घर खायला उठतं. ये ना आता. मला नाही करमत."



"हे आधी बोलायला तोंड शिवलं होतं का तुमचं?" तिचा आवाज जड झाला होता. "लेक कधीचीच हिंडती-फिरती झालीये. मी रोज फोन करते ते तुम्ही ये म्हणाल म्हणून. आणि तुमचं आपलं एकच, राहा निवांत! मला वाटलं, माझ्यावाचून छान चाललंय ह्यांचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या दाराने स्वतःच्याच घरात चोरासारखी शिरली, बॅग पलंगाखाली ढकलली आणि प्रवासातल्या कपड्यांनिशी चादरीत घुसली. तिला दम खायलाही वेळ मिळाला नाही, तोच संध्याकाळची वाट न बघता गल्ली आत आली.

शिवणकाकूंनी कपाळाला हात लावला. "अंग तर गार आहे."

"आत्ताच उतरला," नवराबायको एकदम म्हणाले.

"तरी चेहरा बघा किती उतरलाय," किराणावाली हळहळली. रात्रभर बसमध्ये जागलेल्या बाईचा चेहरा दुसरा कसा असणार? सगळ्यांनी मिळून तिला सक्त विश्रांती फर्मावली, साहेबांना चार शब्द सुनावले, आणि एकदाच्या त्या गेल्या.

चादरीतून एक डोळा बाहेर आला. "गेल्या ना? मग उठते मी. मोरीत कपड्यांची बादली तशीच भरलेली दिसली मघाशी. ऊन जाईल."

"जाऊ दे," साहेब म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढून पलंगाला अगदी खेटून ठेवली आणि नीट बसून घेतलं. "तू बोल."