सरकार नाही तोवर भाव नाही

स्थैर्य हा राष्ट्राचा पाया असतो. पश्चिम आफ्रिकेतल्या आमच्या गिनी-बिसाउत तो इतका महत्त्वाचा मानतात, की वरचेवर नव्याने घालतात.

काजूखरेदीच्या निमित्ताने मी इथे एकवीस वर्षं आहे. एवढ्या काळात पाहिलेले सत्तापालट अतिशय शिस्तशीर होते. (पाहणी माझी, नमुना: आमच्या गोदामाची गल्ली.) सकाळी रेडिओवर लष्करी बँड वाजू लागतो, बायका घाईघाईने पाव आणून ठेवतात, आणि दुपारपर्यंत नवे अध्यक्ष देशाला वाचवून मोकळे होतात. देश वाचतो, पाव महागतो.

हा देश काजूवर जगतो. काजूचा किमान भाव हंगामाच्या आरंभी अध्यक्षांनी जाहीर करायचा असतो. यंदा त्यांनी तो शुक्रवारी जाहीर केला, चांगला केला, आणि शनिवारी ते अटकेत गेले. नव्या सरकारचा पहिला हुकूम: आधीचे सर्व निर्णय रद्द. दुसरा: भाव समिती ठरवेल. तिसरा: समिती नेमण्यासाठी समिती. (चौथ्याने जनतेला शांत राहण्यास सांगितलं, ती आधीपासूनच होती.)

सोमवारी सेगुंदा बियागे ही शेतकरीण बारा पोती काजू घेऊन गोदामाशी आली. घरात सात तोंडं आणि तांदूळ संपलेला. पुढचे चार महिने या बारा पोत्यांवरच काढायचे होते. आमचा दलाल फोदे म्हणाला, "मावशी, तीन पोती काजूला एक पोतं तांदूळ."

"शुक्रवारी तर अध्यक्ष म्हणाले..."

"कुठले अध्यक्ष?"

"अरे मेल्या, सरकार पडलं, आणि तुझा तराजू बरा जागेवर!"

"तराजू निवडणुकीला उभा राहत नाही, मावशी."

ती काजू घेऊन परत गेली. दोन आठवडे शेजाऱ्यांकडून उसना तांदूळ आणून तिने समितीची वाट पाहिली. मग पुन्हा आली, तोवर दर चार पोत्यांना एक झाला होता. बारा पोती देऊन तिने तीन पोती तांदूळ घेतला. मला फार वाईट वाटलं. पावतीवर मी सही सुवाच्य केली.

निघताना तिने विचारलं, "तुमच्या देशात भाव कोण ठरवतं? तिथेही अध्यक्षच?"

मी अभिमानाने सांगितलं, की आमचं गिऱ्हाईकच समर्थ आहे. दिवाळीला कतलीसाठी काजू घेताना किलोमागे पन्नास रुपये कमी करून घेतल्याशिवाय ते पिशवी उचलत नाही.

तिने आपल्या तीन पोत्यांकडे पाहिलं.

"असं होय," ती म्हणाली. "मग त्यांना सांगा, माझं चौथं पोतं पोचलं म्हणून."

तो निरोप इथे दिला आहे. मिळाल्याची पोच द्यावी.