टेपचं दुसरं टोक

फौजदार बोरस्ते लग्नाला आले की आधी खिशातून मोजायची टेप काढत. पंगतीच्या दोन ओळींमध्ये वाढप्याला किती जागा आहे ते बघत. "दीड फूट. वरण सांडणार," म्हणत. आणि ते सांडायचंच.

गंगापूर रोडला चौकीशेजारी माझी लाँड्री होती. आमची गल्ली त्यांना टेपमास्तर म्हणे. दिंडोरी किती लांब, असं विचारलं तर हे उलट विचारणार, "स्टँडपासून की तुमच्या दारापासून?" 'अंदाजे' शब्दाचा त्यांना भयंकर राग. "अंदाजे म्हणजे थाप, भाऊ."

हसा खुशाल, मीही हसलोय. पण परवा त्यांच्या दहाव्याला गोदाकाठी दोघे जण म्हणाले, बोरस्ते खोटे पंचनामे करायचे. माझं डोकं फिरलं. ही अफवा कुठून निघाली, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

चौकीजवळचा दुकानदार म्हणजे पोलिसांचा हुकमी पंच. बाकीचे साहेब जागेवर न जाता खुर्चीतच पंचनामा लिहीत आणि शिपायाबरोबर सहीला दुकानात पाठवत. चहा पिता पिता मी अशा किती सह्या ठोकल्या. त्या साहेबांना कुणी खोटं म्हटलं नाही. बढत्या घेऊन गेले सगळे. बोरस्ते मात्र इस्त्री बंद करायला लावत, जागेवर नेत आणि टेपचं एक टोक माझ्या हातात देत.

अठ्ठ्याण्णव साली गंगापूर गावापुढच्या एका द्राक्षबागेतल्या विहिरीत छाटणीला आलेली पेठकडची मजूर बाई मेलेली सापडली. पाय घसरला, असं बागवाला सांगत होता. बोरस्तेंनी मोजलं. तिची एक चप्पल विहिरीपासून तेहतीस फूट चार इंचांवर होती, आणि तिथून कठड्यापर्यंत मातीत फरपटल्याची खूण. टोक मीच धरलं होतं. बागवाल्यावर खटला उभा राहिला.

त्याच्याच भावकीत माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं. निरोप आला. कोर्टात वकिलांनी विचारलं, सही कुठे केली? मी म्हणालो, "दुकानात. मी जागेवर गेलोच नाही."

बागवाला सुटला. बोरस्तेंची चौकशी लागली, बढती कायमची अडकली. त्या बाईच्या म्हाताऱ्या आईला कुणी काय सांगितलं, मी कधी विचारलं नाही.

साक्षीनंतर आठवड्याने ते दुकानात आले. मी मान खालीच ठेवली. म्हणाले, "पोरीचं लग्न ना? मांडवाची जागा मोजून देतो. तुमचा अंदाज चुकायचा." मैदानात त्यांनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं. मी धरलं. पंगतीच्या ओळींत त्यांनी पुरते चार फूट सोडले.

मापं कागदावर उतरवली आणि सवयीने खाली लिहिलं : समक्ष, पंच. पुढे सहीसाठी रेघ. मग थांबले. रेघेच्या वरून कागद नीट मागे दुमडला, नखाने घडी दाबली, रेघ दिसणार नाही अशी, आणि मला दिला. सही मागितली नाही.

लग्नात वरण सांडलं नाही. बोरस्तेही आले नाहीत.

तेहतीस फूट चार इंच. मी जागेवर होतो. काल तो कागद काढला, घडी उलगडली आणि त्या रेघेवर सही केली.